सोळा तासांचं गाऱ्हाणं

मी निघाले त्या दिवशी आमच्या तिसऱ्या माळ्यावरच्या बाराही खोल्यांची दारं उघडी होती आणि माणसं सगळी गॅलरीत. दुपारचे साडेअकरा वाजले होते. खाली डिलाईल रोडवर टॅक्सीवाला हॉर्न मारून मारून कंटाळला होता. माझा चुलतभाऊ प्रदीप दोन बॅगा घेऊन जिन्याच्या तोंडाशी घामाघूम उभा होता. आणि माझे बाबा नारळ पुढ्यात ठेवून, हात जोडून, देवाला माझी माहिती देत होते.

आम्ही मालवणकडचे. आमच्यात घरातून कुणी लांब निघालं की घरातला मोठा माणूस नारळ ठेवतो आणि देवाला सगळं स्पष्ट सांगतो. कोण चाललं, कुठे चाललं, देवाने काय सांभाळायचं. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे सगळे साक्षीदार. उद्या देवाला 'मला कुणी सांगितलंच नव्हतं' म्हणायची सोय नाही, आणि माणसांनाही नाही.

"बा देवा म्हाराजा, आमचा चेडू आज परदेशाक जाता हा. तेचो सोळा तासांचो प्रवास सुखाचो कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा माळा ओरडला.

"हाक मारली तर सोळा तासांत घराक येवची वाट तेका मोकळी ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं. आणि म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे.

आईने माझ्या तळहातावर दही घातलं आणि हात तसाच धरून ठेवला. रडली नाही. रडण्यासारखं काही नाही, सोळाच तर तास, असं ती गेले पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होती. "जातंय म्हणा नको, येतंय म्हण," एवढंच बोलली. "येतंय," मी म्हटलं आणि जिना उतरले. मागे वळून पाहिलं नाही, कारण तसं करायचं नसतं म्हणतात. खरं कारण वेगळं होतं. खोटं बोललेल्या माणसाला मागे बघणं जड जातं.

हे सोळा तास मीच घरात आणले होते.

मी नर्स. परळच्या एका हॉस्पिटलात दहा वर्षं काढली, डायलिसिसला. अमेरिकेची परीक्षा पास झाले आणि मग फाइल आठ वर्षं कुठल्या तरी टेबलावर झोपा काढत राहिली. एवढ्या वर्षांत आई-बाबा विसरूनही गेले होते की मी कुठे जाणार आहे. लग्नाचं विचारू नका, तो वेगळा विषय आहे आणि त्यात मलाही रस नाही. मी एकुलती एक, चाळीतली खोली दहा बाय बाराची, बाबांची पेन्शन म्हणजे नावापुरती. मग एक दिवस कॅलिफोर्नियातून पत्र आलं आणि आई पाटावर बसली ती उठेचना.

"किती लांब?" हाच तिचा प्रश्न. पगार किती, काम काय, राहणार कुठे, यातलं एक अक्षर विचारलं नाही.

मी फोनवर शोधलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर. हा आकडा आईला सांगून उपयोग नव्हता. आमच्या आईला किलोमीटर कळत नसत. तिला लांब म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे गणपतीत रात्रभर बसमध्ये पाय सुजवून, घाटात तीन तास खोळंबून पोचायची जागा. म्हणून मी पुढचा आकडा वाचून दाखवला. थेट विमान, सोळा तास.

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. "सोळा? म्हणजे गणपतीक गावाक जाताना लागतत तितकेच?"

"तेवढेच. आणि वर एसी."

आई उठली आणि तिने कुकर लावला. प्रश्न मिटला. बाबांनी आपल्या मापाने मोजलं. ते वायंडिंग खात्यात होते, मिल बंद पडेपर्यंत. "सोळा तास म्हणजे दोन पाळ्यो," ते म्हणाले. "दोन पाळ्यो मी लायनीत मारल्यात. बदली इलो नाय की उभ्यान सोळा तास. त्यात काय मोठासा." आणि मग आईचं ते वाक्य, जे तिने पुढे प्रत्येक शेजारणीला ऐकवलं, "माणूस लांब आसला तरी चलात, वाट जवळची होयी."

आता खरं सांगते. तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना, आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात त्यांनाही. तुम्हाला तर ठाऊकच आहे, तुम्हीही घरी असाच एक आकडा सांगून आला आहात. सोळा तास म्हणजे फक्त विमानाची चाकं जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंत. त्यात चाळ ते विमानतळ नाही, तीन तास आधी जाणं नाही, इमिग्रेशनची रांग नाही. हे विमान आठवड्यातून तीनच दिवस जायचं, तेही त्यात धरलेलं नाही. येताना वारा समोरून असतो, म्हणून घरी यायला सतराच्या वर लागतात, जायला सोळा. हे मला पुढे कळलं आणि हसू आलं, कडू हसू. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी सॅन फ्रान्सिस्कोला राहणारच नव्हते. माझं हॉस्पिटल तिथून गाडीने तीन तास आत, बदामांच्या बागांमध्ये असलेल्या एका गावात. चाळीत मी सॅन फ्रान्सिस्को सांगितलं. बदामांच्या बागेत चाललेय म्हटलं असतं तर बाबा म्हणाले असते, मग गावाक आंब्याच्या बागेत काय वाईट होता?

सगळं धरून पस्तीस-चाळीस तास. हे मी नीट मोजलं होतं. मोजून गिळून टाकलं.

दोन वर्षं गेली. पहिल्या वर्षी रजा नव्हती. दुसऱ्या वर्षी रजा होती पण कॉन्ट्रॅक्टची भानगड होती. 'पुढच्या गणपतीला नक्की' हे मी इतक्यांदा म्हटलं की आई माझ्या आधी म्हणून टाकायची. व्हिडिओवर ती फोन इतका जवळ धरायची की मला तिचं कपाळच दिसायचं. मी ओरडायचे, "आई, तोंड दाखव ना!" ती म्हणायची, "येवन बघ."

इथे मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डबा खायला शिकले. चौतीस नंबरचा पेशंट मला 'सू' म्हणायला लागला, कारण शुभांगी त्याच्या जिभेवर बसेना. सुट्टीच्या दिवशी चाळीस मैलांवरच्या दुकानात जाऊन मी फ्रोझन बांगडे आणायचे. बिल्डिंगमधल्या एक बाई फायर अलार्म वाजला की माझ्याच दारावर यायच्या. फोनवरून मी आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बदलायचे, प्रदीपला झापायचे, बाबांना चालायला जा म्हणायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते. आणि आई शेजारच्या नलूमावशीला सांगायची, आमची शुभा लांब कुठे आहे, सोळा तासांवर तर आहे.

नलूमावशी म्हणजे आमची भिंत. चाळीस वर्षं आईची आणि तिची खोली एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. भिंतीवर उलथनं दोनदा आपटलं की चहा ठेवलाय, तीनदा आपटलं की भांडण झालंय, ये. पासष्टी उलटलेली, डायबेटिस, तोंड तिखट, जीव आईवर. तिच्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते तिच्यावर बेतलं होतं.

आई गेली ती एप्रिलमध्ये, संध्याकाळी सातच्या सुमाराला. देवापाशी दिवा लावला, म्हणाली जरा पाठीत भरून आल्यासारखं वाटतंय, आणि आडवी झाली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. इथे तेव्हा सकाळचे साडेसहा. मी गाडी चालवत हॉस्पिटलला चालले होते आणि रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या ऐकत होते. फोन लॉकरमध्ये ठेवला, शिफ्ट सुरू केली. नऊ वाजता ब्रेकला फोन उघडला तर प्रदीपचे अठरा कॉल.

बाबांनीच उचलला. आवाज शांत होता, पाळीवर निघालेल्या माणसासारखा. "शुभा, आवस गेली गो."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी सप्लाय रूममध्ये ग्लोव्हजच्या खोक्यांना टेकून उभी होते आणि म्हणत होते, "मी आल्याशिवाय नेऊ नका. बाबा, मला तिचं तोंड बघायचंय. नेऊ नका."

"नेणत नाय. तू नीघ." मग थोडं थांबून, "सोळा तास ना?"

हा तो क्षण. त्या दिवशी थेट विमान नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या विमानाचे तीन दिवस मला दोन वर्षं पाठ होते. माझं गाव विमानतळापासून तीन तास आहे, हेही मी विसरले नव्हते. पण माझ्या डोक्यात एकच, छत्तीस म्हटलं तर सगळे म्हणतील एवढं कोण थांबतं, आणि सकाळी उचलतील. सोळा म्हटलं तर थांबतील. एकदा थांबले की अजून थोडे थांबतील.

"हो बाबा," मी म्हटलं. "सोळा तास."

तिकीट मिळालं ते दुबईवरून. दुपारी साडेचारचं विमान. गंमत बघा, सॅन फ्रान्सिस्को ते दुबई बरोबर सोळा तास. म्हणजे आकडा खराच ठरला, फक्त गाव चुकलं. मग दुबईत साडेआठ तास बसायचं, आणि पुढे मुंबई. गेटवर बसले असताना प्रदीपचा मेसेज आला, 'ताई फ्लाइट नंबर पाठव'. मी टाइप केलं, 'व्हाया दुबई आहे, परवा सकाळ होईल'. खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. मग 'बोर्डिंग चालू आहे' एवढंच पाठवलं. ते खरं होतं. विमानात वायफाय होतं. तेही मी घेतलं नाही.

समोरच्या स्क्रीनवर ते छोटं विमान होतं, नकाशावर सरकणारं. इतके किलोमीटर राहिले, इतके तास राहिले. शेजारचा माणूस सिनेमा बघत होता. मी तो नकाशा बघत सोळा तास बसले. मुंबईत दुपारचा दीड वाजला तेव्हा, म्हणजे बाबांचे सोळा तास भरले तेव्हा, मी अर्ध्याच वाटेवर होते. मला ठाऊक होतं की आता माझा बाप गॅलरीच्या कठड्याशी उभा असणार. मी एअर होस्टेसकडे पाणी मागितलं आणि प्यायले. याच्या पलीकडे मी काही केलं नाही.

आता त्या माळ्यावर काय चाललं होतं ते ऐका. हे मला प्रदीपने पुढे सांगितलं, काही नलूमावशीने, काही न विचारता दुसऱ्या माळ्यावरच्यांनी.

आमच्या चाळीत रिवाज आहे. मयत घरात असेपर्यंत त्या माळ्यावर चूल पेटत नाही. पूर्वी स्टोव्ह होते, आता गॅस आला, दोन खोल्यांत इंडक्शन आलं, रिवाज तोच. लहान पोरांना दुसऱ्या माळ्यावर जेवायला पाठवतात, खालच्या हॉटेलातून कुणी तरी चहाची किटली आणतं, पण मोठी माणसं जेवत नाहीत. एरवी चार-पाच तासांचा प्रश्न असतो. आई संध्याकाळी गेली, म्हणजे फार तर सकाळपर्यंत. सगळ्यांनी तेवढंच धरलं होतं. बाबांनी सकाळी सांगितलं, "दुपारी दीडाक चेडू येतला. मगे उचलूया."

प्रदीप म्हणाला, काका, उकाडा बघा, मॉर्गमध्ये ठेवूया का, दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे, शुभाताईच्या ओळखीची माणसं आहेत. बाबा म्हणाले, "सोळा तासांसाठी तिका कशाक त्या कपाटात घालूक होया? घरात ऱ्हवांदे." मग बर्फाच्या लाद्या आणल्या.

दुसऱ्या माळ्यावरचे एक आजोबा बाबांना म्हणाले, तात्या, मुलगा असता तर गोष्ट वेगळी. अग्नी तर पुतण्याच देणार. पोरीसाठी कोण थांबतं? बाबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "अग्नी कोण पण देऊंदे," ते म्हणाले. "आवशीचा तोंड चेडवान बघूक होया."

आयुष्यात माझ्यासाठी कुणी याहून मोठं काही बोललेलं नाही. आणि ते माझ्या थापेवर उभं होतं.

दीड वाजला. बाबा गॅलरीत. खाली टॅक्सी थांबली की वाकून बघायचे. दोन वाजले, तीन वाजले. "विमान लेट आसतला," बाबांनीच सांगितलं, कुणी विचारायच्या आत. चार वाजले. बर्फाच्या लाद्या दुसऱ्यांदा आणल्या, पाणी गॅलरीतून जिन्यापर्यंत. माझा फोन बंद. कुणी काही बोललं नाही. काही बोलले नाहीत हे जास्त लागतं मला. बारा खोल्यांतली पंचवीस-तीस मोठी माणसं, त्यात पाळीवरून आलेली, त्यात म्हातारी, चहावर बसून होती. कारण तात्यांची पोर सोळा तासांत येणार होती आणि तसं देवासमोर सगळ्यांनी व्हय म्हटलेलं होतं.

नलूमावशी आईच्या उशाशी बसली होती ती रात्रीपासून हलली नव्हती. सकाळी तिने सवयीने डायबेटिसची, साखर उतरवणारी गोळी घेतली. गोळी घेतली आणि वर काही खाल्लं नाही. मी नर्स आहे, मला या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. मी तिथे असते तर सकाळी दहालाच तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं असतं. पाचच्या सुमाराला ती घामाने भिजली, काहीतरी असंबद्ध बडबडली आणि आईच्या अंगावरच कलंडली. प्रदीपच्या बायकोने धावत जाऊन तोंडात साखर घातली, पाणी पाजलं. दहा मिनिटांनी डोळे उघडले, मग दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं. वाचली.

तेव्हा बाबा गॅलरीतून आत आले. प्रदीप म्हणतो, त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा नलूमावशीकडे. म्हणाले, "उचला."

दुबईला उतरून फोन चालू केला तेव्हा एकच मेसेज होता. 'काकीला साडेपाचला नेलं. सॉरी ताई.' तो सॉरी म्हणत होता. मला. पुढचे साडेआठ तास मी एका चकचकीत बाकावर बसून काढले. समोर सोन्याचं दुकान होतं.

चाळीचा जिना चढले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. फोनवर बाबा 'नीघ' म्हणाले त्याला साडेछत्तीस तास झाले होते. पहिल्या माळ्यावरच मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. तिसऱ्यावर आले तर फोडणीचा वास, कुणाकडे तरी मासे तळत होते. बाराही खोल्यांत गॅस चालू होता. असू दे ना, का नसावा? माणसांनी जेवायचं नाही का? पण त्या शिट्ट्या मला अजून ऐकू येतात.

आमची खोली धुतलेली होती. आईच्या जागी पिठावर दिवा. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी दारातच बसले, आत जाववेना. गॅलरीत माणसं जमली. नलूमावशी भिंतीला धरून धरून आली.

"विमान लेट झाला काय गो?" बाबांनी विचारलं.

"लेटच झालं असणार," नलूमावशी घाईघाईने म्हणाली. "टीव्हीवर दाखवतात ना, हल्ली सगळीच लेट असतात."

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच, हो म्हण. मेले हो म्हण. तिसऱ्यांदा खोटं बोलायला मला सगळ्यांनी पाट मांडून दिला होता. पण नलूमावशीच्या हातावर सलाइनची पट्टी होती, आणि ती पट्टी बघून माझं तोंड उघडलं ते वेगळंच.

"नाही बाबा. वेळेवर आलं. सोळा तासांत येता येतच नाही. कधीच येत नव्हतं. मला आधीपासून ठाऊक होतं."

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बाबा दिव्याकडे बघत राहिले.

"आवशीक ठावक होता?"

"नाही."

बाबांनी मान हलवली. "बरा झाला," ते म्हणाले. "तिका सोळाच ठावक."

ओरडले असते तर बरं झालं असतं. थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. त्या दुपारी प्रदीप मला जिन्यात भेटला. तो बिचारा साधा, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "ताई, तू छत्तीस म्हणाली असतीस ना, तर सरळ मॉर्गमध्ये ठेवली असती काकीला. दोन दिवस काय, चार दिवस राहिली असती. काका पण तयार झाले असते. सोय होती गं."

सोय होती. त्या मॉर्गच्या समोरून मी दहा वर्षं डबा घेऊन जात होते. तिथल्या माणसांची नावं मला ठाऊक आहेत. परदेशातून येणाऱ्या मुलांसाठी तिथे मयत ठेवतात, हे मी स्वतः कितीतरी नातेवाइकांना समजावून सांगितलेलं आहे, हात धरून. खरं बोलले असते तर आई मला दिसली असती. एवढी साधी गोष्ट. खोटं बोलून मी तिला मिळवायला गेले आणि खोट्यामुळेच ती हातची गेली. आता यावर काय म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण. कर्म माझं, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

तेराव्यापर्यंत बाबा माझ्याशी नीट बोलले. जेवलंस काय, झोपलंस काय, पंखा लाव. रागाचा एक शब्द नाही. माझी रजा संपली. निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरली आणि मनात म्हटलं, आता नारळ नसणार. कुठल्या तोंडाने असणार.

नारळ होता. बाबांनी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पुन्हा दार उघडलं. पुन्हा बारा खोल्यांची माणसं गॅलरीत आली, नलूमावशीला खुर्ची दिली. दही नलूमावशीने घातलं माझ्या हातावर. आईसारखा हात धरून ठेवला नाही, पटकन सोडला. तिला बिचारीला रडू येत होतं.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "आमचा चेडू आज आपल्या कामाक परत जाता हा. तेका सुखी ठेव, तेच्या हाताक यश दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं संपलं. पण बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"ज्या दिवशी माझी येळ येतली, त्या दिवशी ह्या माळ्यार कोणी कोणाची वाट बघूक नको, कोणाची चूल बंद ऱ्हवाक नको, चेडवाक मागसून सावकाश कळवाचा, अशी बुद्धी सगळ्यांका दी, रे म्हाराजा!"

व्हय आलं नाही. मी इतकी वर्षं गाऱ्हाणी ऐकली, पण मागणीनंतर गप्प राहिलेला माळा मी पहिल्यांदा बघितला. नलूमावशीने पदर तोंडात कोंबला. प्रदीप खाली बघत होता. गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही. व्हय आल्याशिवाय नारळ फोडत नाहीत. बाबा हात जोडून, डोळे मिटून, तसेच थांबले. माझ्यासाठी थांबले होते तसेच.

कुणी तरी म्हणायला हवं होतं. आणि ते कुणी म्हणायला हवं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

मग माळा म्हणाला. बाबांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, मला मोठा तुकडा दिला.

याला आता वर्ष झालं. बाबा दर रविवारी फोन करतात. नलूमावशीची शुगर सांगतात, प्रदीपच्या मुलीचे मार्क सांगतात, गणपतीला मंडळाने कुठली मूर्ती ठरवली ते सांगतात. मी कधी येणार, हे विचारत नाहीत. मी स्वतःहून म्हटलं, बाबा, यंदा नक्की येते, तर म्हणतात, "ये. घर तुझाच आसा." आणि दुसरा विषय काढतात. इथे परवा नवीन आलेल्या केरळच्या मुलीने ब्रेकमध्ये विचारलं, दीदी, आपका घर कितने घंटे है? मी म्हटलं, साडेतेरा हजार किलोमीटर. ती म्हणाली, नहीं, घंटे? मी उठले आणि डबा धुवायला गेले. आईला काय सांगितलंस असं मी तिला विचारणार होते, पण विचारलं नाही. सांगितलंच असणार काहीतरी कमी करून.

घर म्हणजे काय, असं इकडच्या आपल्या लोकांच्या जेवणावळीत कुणी ना कुणी विचारतंच, बासुंदी वाटीत घेऊन. मातीचा वास म्हणतात, आईचा हात म्हणतात. म्हणोत. माझं घर म्हणजे तिसऱ्या माळ्यावरच्या बारा खोल्या, ज्या एकदा माझ्यासाठी साडेबावीस तास उपाशी राहिल्या. पुन्हा राहणार नाहीत. बाबांच्या दिवशी तिथे बाराही चुली वेळेवर पेटतील, आणि मला मागाहून कळेल, सावकाश. मी व्हय म्हटलंय.